स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळीचे त्रैराशिक



आपल्या भिसेगावात गेल्या काही वर्षांत पालकसभेला एक प्रश्न हमखास निघतो. "बाई, मुलीला त्या हिरव्या गोळ्या सुरू करू का?" गोळी म्हणजे स्पिरुलिना. शेवाळ वाळवून, दाबून केलेली. कुणाला जिमच्या प्रशिक्षकाने सुचवलेली असते, कुणाला कर्जत लोकलमधल्या रोजच्या मैत्रिणीने, आणि बहुतेकांना मोबाइलवरच्या जाहिरातीने. मुलगी अशक्त आहे, पायऱ्या चढताना दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, म्हणून घरचे लोक काटकसर करून ती बाटली आणतात. प्रश्न साधा आहे, पण "हो" किंवा "नको" एवढ्या एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. स्पिरुलिना हे वाईट खाद्य नाही. चांगल्या ठिकाणी वाढवलेलं, तपासलेलं असेल तर निरोगी मोठ्या माणसाने थोडं खायला हरकत नाही. पण आपल्या मुलींच्या अंगात जे कमी आहे, ते भरून काढायला ही गोळी फार म्हणजे फारच लहान आहे. आणि तिच्या भरवशावर खरा उपाय मागे पडतो, ही माझी मुख्य तक्रार आहे.

पण आधी नावाचा घोटाळा मिटवू, कारण वर्गात तो दरवर्षी होतो. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या तोंडावर, ठाकूर-कातकरी बायका कर्जतच्या बाजारात शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. ती शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या वनस्पतीचा फुलोरा. घशाला खाजतात म्हणून सोबत काकडं घ्यावी लागतात. शेवाळ म्हणजे विहिरीच्या पायऱ्यांवर पाय घसरवणारं ते हिरवं बुळबुळीत. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. "आमची आजी शेवळं खायची, मग शेवाळाला काय झालं?" असं एका मुलाने विचारलं होतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता स्पिरुलिना. तिला आपण शेवाळ म्हणतो खरं, पण शास्त्राच्या दृष्टीने ती सायनोबॅक्टेरिया या गटातली, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारा जिवाणू. शास्त्रीय नाव आर्थ्रोस्पायरा. सूक्ष्मदर्शकाखाली स्प्रिंगसारखे पीळ दिसतात, त्यावरून स्पिरुलिना हे नाव पडलं. जुन्या पुस्तकांत या गटाला नील-हरित शैवाल म्हणतात आणि शेतकरी निळं-हिरवं शेवाळ म्हणतो. तिची भावंडं तुमच्या शेतातच आहेत. भाताच्या खाचरात पाणी तुंबलं की जो हिरवट-निळसर थर येतो, त्यातल्या अ‍ॅनाबिना, नोस्टॉक यांसारख्या जाती हवेतला नत्र धरून भाताला देतात. भातशेतीतलं त्यांचं हे काम प. क. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं. आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रामुळे निळं-हिरवं शेवाळ खत म्हणून इकडच्या शेतकऱ्याच्या कानावरून गेलेलं असतं. स्पिरुलिनाला मात्र हवेतला नत्र धरता येत नाही. तिला नत्र बाहेरून, पाण्यात विरघळवून द्यावा लागतो. हा फरक लक्षात ठेवा. तिच्या अंगात काय असणार हे तिला कसलं पाणी पाजलं त्यावर ठरतं, आणि धोक्यांचा विचार करताना हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

महाराष्ट्रात ती निसर्गतः बघायची असेल तर बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जावं लागेल. उल्केच्या आघाताने बसाल्ट खडकात झालेलं ते विवर. त्यातलं पाणी खारं तर आहेच, शिवाय सोड्यासारखं अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. अशा पाण्यात बाकीच्यांचं जगणं मुश्कील, पण स्पिरुलिनाला तेच मानवतं. लोणारचं पाणी एरवी हिरवं दिसतं ते याच गटामुळे. (२०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, ते मात्र वेगळ्या, मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासलं.) आणि ठाण्याच्या खाडीत येणारे लहान रोहित पक्षी आठवा. त्यांचं मुख्य खाणं हेच सूक्ष्म शेवाळ, आणि पिसांचा गुलाबी रंगही त्यातल्या रंगद्रव्यांचा.

माणसांनीही हे खाल्लेलं आहे. मेक्सिकोत टेस्कोको सरोवराकाठी अ‍ॅझ्टेक लोक पाण्यावरचा असा थर काढून वाळवून खात. आफ्रिकेत चाड सरोवराजवळचे कानेंबू लोक आजही 'दिहे' नावाच्या वड्या करतात आणि बाजरीसारख्या धान्याच्या उंड्यांबरोबर त्यांचा रस्सा खातात, एका वेळी माणशी दहाएक ग्रॅम. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिकडे ते तोंडी लावणं आहे, आपल्याकडच्या सुकटीच्या चटणीसारखं. पोट धान्याने भरतं, चव आणि थोडं सत्त्व दिह्याने येतं. जेवणाच्या जागी गोळी, असा प्रकार तिथे नाही.

आता हिशेबाकडे वळू. सातवी-आठवीच्या मुलांनी वही-पेन घ्या.

वाळवलेल्या १०० ग्रॅम स्पिरुलिनात साधारण ५७ ग्रॅम प्रथिनं आणि २८ मिलिग्रॅम लोह असतं. आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नतक्त्यातले आहेत. नमुन्यानुसार थोडे कमी-जास्त होतील, पण ढोबळमानाने हेच. वाचून डोळे विस्फारतात, कारण अंड्यात १०० ग्रॅमला १३ ग्रॅम आणि दुधात तीन-साडेतीन ग्रॅमच प्रथिनं असतात. जाहिरात इथेच थांबते. "दुधापेक्षा सतरा पट!"

थांबा. दुधात ८७ टक्के पाणी आहे. अंड्यातही पाऊण भाग पाणी. स्पिरुलिना मात्र पूर्ण वाळवून आपल्यासमोर ठेवली आहे. टाकीतून काढलेल्या ताज्या स्पिरुलिनातही बहुतांश पाणीच असतं, ते जाहिरातीत कुणी मोजत नाही. तुलना करायची तर दोघांनाही एकाच उन्हात वाळवा. अंडं वाळवलं तर त्याच्या पुडीत जवळपास निम्मी प्रथिनं भरतात. आपला जवळा, वाळवलेला असल्यामुळेच, निम्म्याहून अधिक प्रथिनांचा असतो, आणि तो बाजारात वाट्याने मिळतो. तेव्हा स्पिरुलिना प्रथिनांनी संपन्न आहे हे खरं, पण जगावेगळी नाही.

पुढची पायरी याहून मोठी. कुणी १०० ग्रॅम स्पिरुलिना खातं का? गोळी असते साधारण अर्ध्या ग्रॅमची. दिवसाला दोन गोळ्या घेतल्या तर एक ग्रॅम, सहा घेतल्या तर तीन ग्रॅम. आता त्रैराशिक मांडा. तीन ग्रॅममध्ये प्रथिनं किती? पावणेदोन ग्रॅमला थोडी कमी. लोह किती? ०.८५ मिलिग्रॅम.

तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला रोज किती हवं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रथिनं सुमारे ४३ ग्रॅम आणि लोह ३० मिलिग्रॅम. म्हणजे सहा गोळ्यांनी प्रथिनांची गरज भागते चार टक्के आणि लोहाची तीन टक्क्यांहून कमी. सगळी प्रथिनं गोळ्यांतूनच घ्यायची ठरवली तर रोज दीडशे गोळ्या लागतील. लोहासाठी दोनशेच्या वर. मुलांना हे उत्तर काढायला लावलं की वर्गात हशा पिकतो. घरी बाटली आणून ठेवणाऱ्या आईला मात्र हसू येत नाही.

याउलट मूठभर म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांत सहा ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा. भात कापून झाल्यावर आपल्याकडे शेतात जो वाल टाकतात, त्या वालाच्या ३० ग्रॅम सुक्या दाण्यांच्या बिरड्यात पुन्हा सहा. शाळेतल्या पोषण आहारातून पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १२ ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं सरकारी प्रमाण आहे. ते १२ ग्रॅम गोळ्यांतून द्यायचे म्हटले तर ४२ गोळ्या! खिचडीतलं कडधान्य पातळ झालं तर जे नुकसान होतं ते हिरव्या गोळीने भरून निघत नाही, म्हणून पालकांनी गोळीची चौकशी करण्याआधी शाळेच्या पातेल्यात डोकावावं असं मला वाटतं. शिक्षकांना राग येईल, येऊ दे.

भाव मी लिहीत नाही, तो दर दुकानाला वेगळा. तुमच्या हातातल्या बाटलीची किंमत घ्या, त्यात एकूण किती ग्रॅम प्रथिनं आहेत ते काढा आणि भागाकार करा. मग तोच भागाकार शेंगदाण्याच्या पावकिलोचा करा. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहा. घरी भांडण होणार असेल तर मुलांनी हा स्वाध्याय वर्गात केला तरी चालेल.

आणखी एक वाक्य फिरतं: "एक ग्रॅम स्पिरुलिना म्हणजे एक किलो भाजीपाला." हे अंतराळ संशोधनाच्या नावावर खपवतात. अंतराळयानात स्पिरुलिनाचा विचार झाला होता हे खरं. थोड्या जागेत, बंद टाकीत, लवकर वाढते म्हणून. पण एक किलो हिरव्या माठात ४० मिलिग्रॅमच्या वर लोह असतं आणि एक ग्रॅम स्पिरुलिनात पाव मिलिग्रॅमला जरासं जास्त. भाजीतला चोथा आणि क जीवनसत्त्व तर स्पिरुलिनात जवळजवळ नाहीच. यानात माठ लावायला जागा नसते. आपल्याकडे परसात असते.

हे सगळं मी एवढ्या तळमळीने का लिहिते, ते आता सांगते.

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे दोघींतली एक. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरचं कुपोषण हे काही कुणापासून लपलेलं नाही. आणि स्टेशनाजवळच्या भिसेगावातल्या सोसायट्यांत राहणाऱ्या, डब्यात रोज बटाट्याची भाजी किंवा नूडल्स आणणाऱ्या मुलीही यातून सुटलेल्या नाहीत.

यावर शाळेत एक उपाय येतो. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. फुकट मिळते. आता बघा: रोज सहा याप्रमाणे आठवडाभर हिरव्या गोळ्या घेतल्या, एकूण बेचाळीस, तर लोह मिळतं सहा मिलिग्रॅम. निळ्या एका गोळीच्या एक दशांश. पण निळ्या गोळीने मळमळतं, शौच काळी होते, तोंडाला धातूसारखी चव येते. मुली ती जिभेखाली धरतात आणि संडासात थुंकतात. हे मी ऐकीव सांगत नाही. घरीही "सरकारी गोळी नको, त्यापेक्षा नैसर्गिक बरी" असं म्हणून हिरवी बाटली येते. मुलीला वाटतं आपण काहीतरी घेतोय. आईला वाटतं आपण काहीतरी केलं. आणि हिमोग्लोबिन आहे तिथेच.

हा मला हिरव्या गोळीचा सर्वात मोठा धोका वाटतो, आणि तो कुठल्याच लेबलवर छापलेला नसतो.

तेव्हा निळी गोळी उपाशीपोटी घेऊ नका, जेवणानंतर घ्या. वर लिंबूपाणी किंवा आवळा, कारण आंबटाने लोह अंगी लागतं. चहा तासभर तरी नको, चहा ते अडवतो. काळी शौच म्हणजे बिघाड नाही, न शोषलेलं लोह बाहेर पडतंय इतकंच. वर्षातून दोनदा शाळेत जंताची गोळी देतात तीही चुकवू नका. पोटात जंत असतील तर वरून कितीही लोह ओता. आणि मुलगी खरंच फिकी दिसत असेल, धापा टाकत असेल, तर कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्या. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसारखं काही असेल तर उपचारच वेगळे असतात, ते डॉक्टरच ठरवतील.

स्पिरुलिनाचा एक फायदा मात्र मी मनापासून मान्य करते. तिच्यात बीटा-कॅरोटीन भरपूर असतं, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. अ जीवनसत्त्वाची गरजच मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, त्यामुळे इथे एक ग्रॅमसुद्धा उपयोगी पडू शकतो. चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात शाळेत न जाणाऱ्या वयाच्या हजारो बालकांना रोज एक ग्रॅम स्पिरुलिना दिली आणि अ जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळ्यांत पडणारे डाग बरेच कमी झाल्याची नोंद केली. ही संस्था स्वतः स्पिरुलिनाचा प्रसार करणारी होती हे ध्यानात ठेवूनही मला हा प्रयोग प्रामाणिक वाटतो, कारण तिथे एका नेमक्या उणिवेसाठी नेमकी मात्रा दिली होती. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने स्पिरुलिना घातलेली शेंगदाण्याची चिक्कीही तयार केली आहे. मला ती कल्पना गोळीपेक्षा बरी वाटते. शेंगदाणा आणि गूळ आपलं काम करतात, वर थोडं कॅरोटीन. लोणावळ्याच्या चिक्कीवर वाढलेल्या आपल्या मुलांना ती हिरवी म्हणून कशी वाटेल, ते बघावं लागेल.

पण तीच गोष्ट शेवग्याचा पाला करतो. तांबडा भोपळा, गाजर, टाकळ्याची भाजी करते. शिवाय नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बाळांना आरोग्य केंद्रात अ जीवनसत्त्वाचा डोस मिळतो. ज्या घरी पालेभाजी पोचतच नाही तिथे स्पिरुलिनाला जागा आहे. ज्यांच्या कुंपणाला शेवगा आहे त्यांनी तिच्यासाठी पैसे का मोजावेत?

शाकाहारी घरांसाठी एक वेगळी सूचना, कारण इथे नुसती मात्रा कमी पडत नाही, फसगतच होते. "शाकाहाऱ्यांना बी-१२ हवं असेल तर स्पिरुलिना" हे वाक्य दुकानातही ऐकू येतं. महाराष्ट्रात बी-१२ ची कमतरता किती खोल आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवलं आहे. पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांच्या रक्ताची तपासणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात दोन तृतीयांश लोकांत बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर पाचांपैकी चौघांत. स्पिरुलिनात बी-१२ सारखं जे दिसतं ते बहुतांश 'छद्म बी-१२' असतं. रचना मिळतीजुळती, पण माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग करता येत नाही. कुलपात जाणारी पण न फिरणारी किल्ली समजा. जुन्या पद्धतीच्या तपासणीत जिवाणूंना ते चालतं, म्हणून लेबलवर आकडा भला मोठा येतो. हातापायाला मुंग्या येत असतील, विसरायला होत असेल, आणि माणूस "मी बी-१२ घेतोय की" म्हणत वर्ष काढत असेल, तर मज्जातंतूंचं नुकसान पुढे भरून येईलच असं नाही. दूध, दही, चालत असेल तर अंडी-मासळी, आणि कमतरता निघाली तर डॉक्टरांनी दिलेली बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन. इथे शेवाळाचं काम नाही.

आता शेवाळाचे स्वतःचे धोके. स्पिरुलिना आपणहून विष तयार करते असं नाही. योग्य तऱ्हेने वाढवलेल्या स्पिरुलिनाला अमेरिकेच्या औषधप्रमाण संस्थेच्या तज्ज्ञ समितीनेही सुरक्षिततेत वरची श्रेणी दिलेली आहे. भीती आहे ती सोबत येणाऱ्यांची. मायक्रोसिस्टिस नावाची तिची एक चुलत बहीण मायक्रोसिस्टिन हे विष सोडते, जे थेट यकृतावर जातं. उकळल्यानेही ते जात नाही. उघड्या तळ्यातलं शेवाळ गोळा केलं तर कोण कोणाबरोबर आलं ते डोळ्यांना कळत नाही. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात क्लामथ नावाच्या तळ्यातून दुसऱ्या एका जातीचं निळं-हिरवं शेवाळ काढून पूरक आहार म्हणून विकत. तिथे तपासलेल्या ८७ नमुन्यांपैकी ८५ मध्ये हे विष सापडलं आणि ६३ नमुन्यांत राज्याने ठरवलेल्या, ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त. गोळी घेणारे लोक आजारी नव्हते, बरं का. तब्येत सुधारावी म्हणून घेत होते. या विषाची ताकद किती? १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू गावी एका डायलिसिस केंद्रात असं पाणी वापरलं गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. तिथे ते सरळ रक्तात गेलं होतं, गोळीशी त्याची बरोबरी नाही. पण ज्याला "नैसर्गिक" म्हणून डोळे झाकून विश्वास टाकायचा असेल त्याने हे गाव लक्षात ठेवावं.

दुसरी भीती जड धातूंची. मघाशी म्हटलं तसं, जसं पाणी तशी स्पिरुलिना. पाण्यात शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम असलं तर ती ते अंगात साठवते. म्हणूनच फार्महाउसवर किंवा गच्चीत टाकी बांधून स्वतःची स्पिरुलिना काढण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांना मी सरळ "नको" म्हणते. स्पिरुलिनाला सोडा घातलेलं भारी अल्कधर्मी पाणी लागतं. त्या पाण्यामुळेच इतर जीव दूर राहतात. आपल्या कर्जतच्या पावसात उघडी टाकी दोन दिवसांत पातळ होते, सामू उतरतो, आणि मग कोण वाढतं ते बघायला घरात सूक्ष्मदर्शक नसतो. विज्ञान प्रदर्शनासाठी बरणीत जरूर वाढवा. खाऊ नका.

विकत घेणाऱ्यांनी काय बघायचं? एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, घटकांची यादी. "औषधी वापरासाठी नाही" असं पूरक आहारावर लिहिणं बंधनकारक आहे. ते वाक्य लेबलवर बारीक अक्षरात आणि "मधुमेह, थायरॉइड, सांधेदुखी सर्व बरे" हे विकणाऱ्याच्या तोंडी मोठ्या आवाजात, असं असेल तर खरं कोणतं ते तुम्हीच ठरवा. परवाना म्हणजे ती बाटली तपासली असा अर्थ मात्र नाही. जड धातू आणि मायक्रोसिस्टिनचा तपासणी अहवाल मागा. चांगली कंपनी देते.

काहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. ल्युपससारखे, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार असलेले, मूत्रपिंड बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबण्याची औषधं घेणारे, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असलेले, युरिक अ‍ॅसिड वाढलेले, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका. फिनाइलकिटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात आजार असलेल्या मुलाला तर ती बिलकूल देऊ नये. थायरॉइडवाल्यांनी समुद्री शेवाळापासून, केल्पच्या गोळ्यांपासून सांभाळावं. त्यात आयोडीन बेसुमार असू शकतं. सगळी शेवाळं एका माळेत ओवू नयेत, हेही यातून कळतं. शेवाळापासून काढलेलं ओमेगा-३ तेल हा आणखी वेगळा विषय. मासे न खाणाऱ्यांसाठी तो मला स्पिरुलिनापेक्षा अधिक पटतो, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

राहिला प्रश्न बाटली आधीच आणून बसलेल्यांचा. फेकून द्यायची का? घरातलं मोठं माणूस निरोगी असेल, वर सांगितलेल्यांपैकी नसेल आणि लेबल नीट असेल तर त्याने रोज दोन गोळ्या जेवणानंतर घेऊन ती संपवावी. पोट बिघडलं, अंगावर पुरळ उठलं, लघवी गडद पिवळी झाली तर त्याच दिवशी बंद. लहान मुलांना डॉक्टर म्हणेपर्यंत नको. शाळेतल्या निळ्या गोळीचा वार आणि ही बाटली यांचा काही संबंध जोडायचा नाही, निळी गोळी चालूच राहील. आणि झाकण घट्ट लावा. जुलैत आपल्याकडे मीठसुद्धा पाणी सोडतं. गोळ्या चिकटल्या, पुडीचे खडे झाले किंवा कुबट वास आला तर पैशांकडे न बघता टाकून द्या, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच पैशांचे वाल घ्या.